नदीवरच्या काँक्रीटच्या पुलाचा फोटो: आधी काठ ठरवा, मग वेळ, कॅमेरा सगळ्यात शेवटी

पुलाचा फोटो म्हणून लोक जे पाठवतात ना, त्यातल्या बऱ्याच फोटोंत पूलच नसतो. कठडा असतो, डांबर असतं, लांबवर पसरलेली नदी असते, पण खांब नाहीत, गाळे (दोन खांबांमधला पुलाचा भाग) नाहीत, पूल कशावर उभा आहे ते कुठंच दिसत नाही. कारण साधं आहे, गाडी पुलावर थांबवली आणि तिथनंच फोटो काढला. पुलावर उभं राहिलं की पूल सोडून बाकी सगळं दिसतं. दुसरी चूक म्हणजे वेळ मिळाला की जायचं, मग ऊन कुठल्या बाजूला आहे ते बघायचंच नाही, आणि घरी आल्यावर कळतं की सगळा पूल काळा ठिक्कर आलाय.

मी सांगली जिल्ह्यात पलूसच्या बाजूला, कृष्णेकाठच्या पट्ट्यात फोटो काढतो. भिलवडी-अंकलखोपचा पूल, आमणापूरचा पूल, असे रोज एसटी, दुधाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या जातात ते पूल. खाली लिहिलंय ते याच अनुभवातनं. क्रम मोडू नका, कारण बहुतेकांची चूक क्रमातच होते, कॅमेऱ्यात नाही.

## १. फोटो कशासाठी हवाय ते आधी ठरवा

गावाच्या माहितीसाठी फोटो हवा असेल तर पूर्ण पूल एका फ्रेममध्ये आला पाहिजे, दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. पुलाची अवस्था दाखवायची असेल, म्हणजे कठडा तुटलाय, सळई उघडी पडलीय, खांबाच्या बुडाची माती वाहून गेलीय, तर जवळचे फोटो लागतात आणि प्रत्येक फोटो कितव्या गाळ्याचा ते सांगता आलं पाहिजे. आणि नुसतं चांगलं चित्र हवं असेल तर एक वेळ, एक जागा आणि भरपूर धीर. तिन्ही एकाच सकाळी करायला गेलं की एकही धड होत नाही. एका फेरीला एकच काम धरा.

## २. नकाशावर पुलाची दिशा बघा, सगळा खेळ इथंच ठरतो

मोबाईलवर सॅटेलाईट नकाशा उघडा आणि दोन गोष्टी बघा: नदी कुठनं कुठं वाहते आणि पूल कुठल्या दिशेला पडलाय.

आमच्याकडं कृष्णा ढोबळमानानं उत्तरेकडनं दक्षिणेकडं येते, वळणं घेत येते पण एकूण उतार तसा. त्यामुळं नदी ओलांडणारे पूल साधारण पूर्व-पश्चिम पडतात, आणि पुलाची एक बाजू उत्तरेला तोंड करून असते, एक दक्षिणेला. वरच्या अंगाची म्हणजे पाणी जिकडनं येतं ती बाजू उत्तरेची. खालच्या अंगाची दक्षिणेची. आता हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं कललेला असतो, डिसेंबरात तर तो उगवतोच पूर्वेपासनं पंचवीसेक अंश दक्षिणेला. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च उत्तरेकडच्या बाजूवर ऊन पडतच नाही म्हटलं तरी चालेल. मी एका जानेवारीत सलग तीन सकाळी वरच्या अंगाच्या घाटावर जाऊन उभा राहिलो, कारण तिथं गाडी लावायला जागा होती आणि पायऱ्या होत्या. तिन्ही दिवशी आकाश पांढरं आणि पूल काळा. जागा सोयीची होती, पण बाजूच चुकीची होती. चौथ्या दिवशी पलीकडं खालच्या अंगाला उसातनं वाट काढत गेलो आणि पहिल्याच फोटोत खांबांचा गोलवा, शटरिंगच्या फळ्यांचे व्रण, पाईपातनं पाणी गळून पडलेले काळे ओघळ सगळं दिसलं.

उत्तरेची बाजूच हवी असेल तर एप्रिल ते ऑगस्ट. तेव्हा सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, सकाळचे पहिले दीड-दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे तेवढेच तिरकं ऊन त्या बाजूवर येतं. मेच्या पहिल्या आठवड्यापासनं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांगलीत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो, पण त्याचा उपयोग होत नाही. इतकं उभं ऊन असलं की वरचा स्लॅब जेवढा बाहेर आलेला असतो त्याची सावली खालच्या गर्डरवर, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तुळईवर, पडते आणि पुलाच्या पोटात नुसता काळा पट्टा दिसतो.

कोकणात हिशोब वेगळा. तिथं नद्या सह्याद्रीतनं पश्चिमेला समुद्राकडं जातात आणि मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण जातो. महाडजवळचा सावित्रीवरचा २०१७ ला सुरू झालेला पूल घ्या, पुलाच्या बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला. म्हणजे सकाळी वरच्या अंगानं, संध्याकाळी खालच्या अंगानं, वर्षभर.

तपासा: दिशा नकाशावरनंच घ्या. पुलावर उभं राहून मोबाईलचं होकायंत्र लावू नका, काँक्रीटमधल्या लोखंडामुळं काटा भलतीकडं जातो. लावायचंच असेल तर पुलापासनं चांगलं लांब शेतात जाऊन लावा.

## ३. पाण्याची पातळी बघून तारीख धरा

पूल तोच असला तरी पाण्याप्रमाणं फोटो पूर्ण बदलतो. पावसाळा संपल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून राहतं, संथ आणि भरलेलं. प्रतिबिंब हवं असेल तर हा काळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळू, खडक आणि खांबांचं बूड दिसतं, पुलाची अवस्था दाखवायला हाच काळ चांगला.

पण उन्हाळ्यात पाणी कमी म्हणजे कमीच राहील असं धरू नका. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांसाठी ते उन्हाळ्यातही सोडतात. सकाळी जिथनं चालत गेलो तिथं दुपारी पाणी, असं होऊ शकतं. निघायच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी बघायची, एवढं सोपं आहे.

पावसाळ्यात तर आमच्याकडं सगळे सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी बघूनच दिवस ठरवतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पातळी चढतीला असेल तर नदीपात्राच्या जवळपाससुद्धा जायचं नाही, लांबनं, उंचावरनं, मोठ्या लेन्सनं जे मिळेल ते. पाणी उतरायला लागलं तरी काठाची माती दोन-चार दिवस आतनं भिजलेली असते, वरनं वाळलेली दिसते आणि पाय ठेवला की कडा ढासळते.

खाडीवरच्या पुलाला, आंबेतसारख्या, भरती-ओहोटी बघावीच लागते. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. खाडीत आत गेलं तसं ते थोडं उशिरा येतं. फोटो ओहोटीचा हवा असेल तर त्यात सहा तास मिळवा.

सावध: पाण्याखाली गेलेल्या पुलावर फोटोसाठी एक पाऊलसुद्धा टाकू नका. घोट्याएवढं पाणी दिसत असलं तरी खाली स्लॅब शाबूत आहे का हे वरनं कळत नाही.

## ४. पहिली फेरी कॅमेरा बॅगेतच ठेवून

ही पायरी सगळे गाळतात. आदल्या दिवशी किंवा निदान एक तास आधी जा आणि नुसतं फिरा. काय बघायचं?

वाट. पुलापासनं नदीपर्यंत बहुतेक वेळा सरळ वाट नसते, उसाच्या बांधावरनंच जावं लागतं. रानात कोणी दिसलं की विचारा. "मामा, पुलाचा फोटो काढायचाय, बांधावरनं खाली जाऊ का?" एवढं विचारलं की आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट कुठं गाळ आहे, कुठं डोह आहे, कुठली कडा पोकळ आहे हे तेच सांगतात. आणि ही माहिती कुठल्याही नकाशात नसते.

मोटारींच्या केबली. कृष्णेकाठी दर दहा पावलांवर पाण्याच्या मोटारी, पाईप, गवतात पडलेल्या वायरी. सकाळच्या दवात त्यावर पाय द्यायचा नाही, स्टँडचा लोखंडी पाय तर अजिबात टेकवायचा नाही.

मगरी. औदुंबर-भिलवडीपासनं सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेत. हिवाळ्यात ऊन खायला मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, येऊन पडतात आणि मातीच्या रंगात मिसळून जातात. पाण्याकडेला जाण्याआधी काठ दोन्ही बाजूंनी नीट निरखायचा, आणि कपडे धुणाऱ्या बायका, मासेमारी करणारे जिथं स्वतः जात नाहीत तिथं आपणही जायचं नाही.

आग्यामोहोळ. हे मी ठळक सांगतो कारण बाहेरनं येणाऱ्या माणसाच्या डोक्यातच हे नसतं. पुलाच्या स्लॅबखाली, दोन गर्डरच्या मधल्या खणात, हातभर रुंदीची काळपट अर्धगोल पोळी लटकलेली असतात. लांबनं ओल आल्याचा डाग वाटतो. नीट बघितलं की त्यावरनं एक लहर सरकताना दिसते, माश्या एकामागनं एक पोटाचा मागचा भाग वर उचलतात तशी. ती लहर दिसली की त्या गाळ्याखाली जायचं नाही, फ्लॅश नाही, धूर नाही, ड्रोन नाही, खडा मारून बघणं नाही. त्या गाळ्याचा फोटो बाजूच्या काठावरनं झूम करून घ्या.

वाळू उपशाचे खड्डे. पात्रात वरनं सपाट वाळू किंवा गुडघाभर पाणी दिसतं, मधेच पुरुषभर खोल खड्डा असतो. पात्रात उतरायचंच असेल तर जिथं पायवाट मळलेली आहे तिथनंच.

तपासा: पहिली फेरी संपली की तुमच्याकडं तीन उत्तरं हवीत. उभं कुठं राहणार, तिथं ऊन किती वाजता येणार, आणि परत यायची वाट कुठली. एक जरी उत्तर नसेल तर अजून एक चक्कर मारा.

## ५. सामान, थोडक्यात

मोबाईल चालतो, खरंच चालतो. कॅमेरा असेल तर २४-७० सारखी एक लेन्स पुरते. स्टँड हवा. लेन्स पुसायला सुती फडकं, कारण डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी धुकं असतं आणि काचेवर बारीक थेंब बसतात. पायात बूट, कारण काठावर वेड्या बाभळीचे काटे चपलेतनं आरपार जातात. पाण्याची बाटली, आणि सोबत एक माणूस. नदीवर एकट्यानं जायचं नाही.

## ६. किती लांब उभं राहायचं

इथं थोडं गणित आहे पण कामाचं आहे.

काठावर उभं राहून तिरका फोटो घेतला तर पुलाचं एक टोक जवळ येतं आणि दुसरं लांब जातं. पुलाच्या लांबीच्या पाव अंतरावर उभे राहिलात तर जवळचा खांब शेवटच्या खांबाच्या चौपट मोठा दिसतो, म्हणजे पलीकडचे गाळे आगपेटीएवढे. निम्म्या अंतरावर गेलात तर सव्वादोन पट. आणि पुलाच्या लांबीइतकंच लांब गेलात तर दीडपटीच्या आत. म्हणजे पुलाचे सगळे गाळे मोजता यावेत असा फोटो हवा असेल तर पुलाच्या लांबीइतकं लांब चालत जा आणि तिथनं थोडं झूम करा. लोक नेमकं उलटं करतात, पुलाला चिकटून उभं राहतात आणि मोबाईलवर ०.५ (रुंद लेन्स) लावतात. त्यात जवळचा खांब आडवा ताणला जातो आणि पूल बाणासारखा लांब पळत गेल्यासारखा दिसतो.

लांबी माहीत नसेल तर पुलावरनं चालत जाऊन पावलं मोजा आणि मग काठानं तेवढीच पावलं लांब जा. मीटर, फूट काही लागत नाही.

पुलाचा सरळ समोरून फोटो हवा असेल तर नदीच्या मधोमध जावं लागतं, ते होडीशिवाय जमत नाही. पण नदी वळण घेत असेल तर वळणाच्या बाहेरच्या काठावरनं पूल जवळजवळ समोर येतो. असं वळण नकाशावर आधीच शोधून ठेवा. तिथनं मोबाईलच्या साध्या १ वर पूल मावायला लांबीच्या पाऊणपट अंतर लागतं. जागाच नसेल तर पॅनोरमा घेऊ नका, सरळ पूल त्यात केळ्यासारखा वाकतो. त्यापेक्षा निम्मा पूल नीट घ्या आणि दुसऱ्या काठावरनं दुसरा निम्मा घ्या.

## ७. पहिला फोटो

स्टँड उभा करा, तीनही पाय मातीत दाबून बसवा. काळ्या मातीत एक पाय हळूहळू खचतो आणि दहा मिनिटांनी फ्रेम तिरकी झालेली असते, म्हणून प्रत्येक फोटोआधी परत बघा.

फ्रेम सरळ करताना पुलाच्या स्लॅबची रेष धरू नका. तिरक्या फोटोत ती तिरकीच दिसणार, आणि बऱ्याच पुलांना मुळातच थोडा चढ-उतार असतो. पलीकडच्या काठाची रेषही धरू नका, तीही फसवते. फ्रेमच्या मध्याजवळचा एक खांब निवडा आणि तो ओळंब्यात आहे का बघा. खांब उभा तर फोटो सरळ. कॅमेरा वर किंवा खाली न वाकवता समोर धरलात तर कडेचे खांबही उभे राहतात, वर वाकवलात की सगळे आत आणि खाली वाकवलात की बाहेर झुकल्यासारखे दिसतात. पूल वर कापला जात असेल तर कॅमेरा वाकवण्यापेक्षा मागं जा.

सेटिंग असं:
- एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), शटर उजेडाप्रमाणं. गाडी स्पष्ट हवी असेल तर १/५००च्या खाली जाऊ नका, मग आयएसओ वाढला तरी चालेल.
- व्हाइट बॅलन्स उन्हावर ठेवा, ऑटोवर नको. एका बाजूला हिरवा ऊस, दुसऱ्या बाजूला निळं आकाश, यात ऑटो दर फोटोला काँक्रीटचा रंग बदलतं. एकदा करडं, एकदा निळसर.
- मोबाईलवर बोट आकाशावर नाही, खांबाच्या उन्हातल्या बाजूवर टेकवा, दाबून धरून लॉक करा आणि उजेड थोडासा खाली घ्या.

मग थांबा. नुसता रिकामा पूल किती मोठा आहे ते कळत नाही. लाल एसटी किंवा उसाची भरलेली ट्रॉली आली की बघणाऱ्याला पटकन अंदाज येतो. गाडी कुठल्या गाळ्यावर आल्यावर दाबायचं ते आधी ठरवा. मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाळ्याच्या मध्यावर घेतो, खांबाच्या बरोबर वर आली की गाडी खांबाला चिकटल्यासारखी दिसते.

तपासा: पहिला फोटो मोठा करून बघा. शेवटचा खांब स्पष्ट आहे का? आकाश पूर्ण पांढरं झालंय का? मोटारीची केबल फ्रेममधनं आडवी गेलीय का? सगळ्यात जास्त फोटो या केबलीनंच वाया जातात, आणि जागेवर असताना दोन पावलं सरकलं की ती निघून जाते.

## ८. पुलाखाली

वर मोहोळ नाही, पाय टेकायला कोरडी जागा आहे, आणि वरनं काँक्रीटचे तुकडे पडलेले दिसत नाहीत, या तीन गोष्टी बघूनच खाली जा. ताजे पांढरट तुकडे पडलेले असतील तर तिथं उभं राहायचं नाही. वर बघितलं तर पोपडा निघालेली जागा आणि तांबूस सळई दिसेल, तिचा फोटो बाहेरनंच घ्या.

खाली अंधार आणि बाहेर लख्ख उजेड, एका फोटोत दोन्ही येत नाही. स्टँडवर तीन फोटो घ्या, पहिला दोन स्टॉप कमी उजेडाचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), दुसरा बरोबर, तिसरा दोन स्टॉप जास्त, आणि घरी एकत्र करा. किंवा सूर्य उतरल्यावर जा, तेव्हा पाण्यावरनं परतलेला उजेड स्लॅबच्या पोटावर खेळतो आणि फरक आपोआप कमी होतो. मला ही वेळ सगळ्यात आवडते. खांबांच्या रांगेच्या अगदी मधोमध उभं राहिलात तर दोन्ही बाजू सारख्या येतात, हातभर सरकलात तरी बिघडतं, म्हणून मध्य पावलांनी मोजून घ्या.

भिंगऱ्यांची, म्हणजे त्या छोट्या पक्ष्यांची, मातीची घरटी गर्डरच्या कोपऱ्यात असतात. त्या सारख्या आत-बाहेर करत असतील तर आत पिल्लं आहेत, पटकन आवरा आणि निघा.

## ९. पुलावर

आता पुलावर या, याच क्रमानं, आधी नाही. इथं घ्यायचं काय तर रस्त्याची रेष, कठडा, पुलाची पाटी असेल तर ती, आणि दोन्ही टोकांचे जोडरस्ते. पाटीचा फोटो नक्की घ्या, नंतर नाव लिहिताना उपयोगी पडतो.

येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून उभं राहा, कानात काही घालू नका. कठड्यावर बसायचं नाही, वाकायचं नाही, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात.

आणि पूल हलतो. हे खरं आहे, घाबरायचं कारण नाही, तो तसाच बांधलेला असतो. पाण्याची बाटली झाकण काढून फुटपाथवर गाळ्याच्या मध्यावर ठेवा आणि भरलेली ट्रॉली जाऊ द्या. ट्रॉली यायच्या आधीच सांध्यावरनं धडधड असा आवाज येतो, मग बाटलीतल्या पाण्यावर बारीक गोल उठतात, ट्रॉली पुढं गेली तरी ते थोडा वेळ थांबत नाहीत. तेवढ्या वेळात संथ शटरनं घेतलेला फोटो हललेलाच येणार, स्टँड कितीही भारी असू दे. उपाय दोन. एक, स्टँड गाळ्याच्या मध्यावर नाही तर खांबाच्या वर लावा, तिथं हालचाल सगळ्यात कमी. दोन, गाडी गेल्यावर बाटलीतलं पाणी शांत होईपर्यंत थांबा. रात्री गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील, दहा-वीस सेकंदांचा फोटो, तर पुलावर लावूच नका, काठावरनं घ्या.

## १०. प्रतिबिंब

पुलाचं पूर्ण प्रतिबिंब फक्त वारा सुटायच्या आधी मिळतं, हिवाळ्यात उजाडल्यापासनं तासभर. कॅमेरा जितका पाण्याजवळ तितकं प्रतिबिंब पूर्ण, आणि इथंच धोका आहे, कारण त्यासाठी माणसं पाण्याकडेला उकिडवं बसतात. कृष्णेच्या या पट्ट्यात असं बसायचं नाही. स्टँडचे पाय पूर्ण आखडून तो कडेला ठेवा, मागं सरका आणि टायमरनं किंवा रिमोटनं फोटो घ्या. ठेवताना आणि उचलताना सोबतच्या माणसानं पाण्यावर नजर ठेवायची. त्याहून चांगलं म्हणजे घाटाची वरची पायरी निवडा. प्रतिबिंब थोडं कापलं जाईल, जाऊ दे.

चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावला असेल तर फिरवून बघा, एका स्थितीत तो प्रतिबिंबच पुसून टाकतो. लोक तो लावून विसरतात आणि मग पाणी काळं का आलं विचारतात. जलपर्णी आली असेल तर त्या दिवशी प्रतिबिंब सोडून द्या, हिरव्या थराच्या वरनं उठलेले खांब घ्या, तोही खरा फोटो आहे.

## ११. घरी आल्यावर

त्याच दिवशी नावं द्या. नदी, रस्ता, कुठल्या दोन गावांमधला पूल, तारीख, वेळ, आणि वरच्या अंगानं की खालच्या. काठ सांगताना पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावा-उजवा धरायचा, नाहीतर प्रत्येकाचा डावा वेगळा होतो. गाळे एकाच काठापासनं मोजा, सगळीकडं तोच क्रम. तुटलेल्या भागाचा फोटो सार्वजनिक बांधकाम विभागाला अर्जासोबत द्यायचा असेल तर एक लांबनं आणि एक जवळनं असे जोडीनं द्या, जवळच्या फोटोत पट्टी किंवा पेन ठेवलेला असू दे म्हणजे भेग केवढी ते कळतं, आणि त्या फोटोंना रंग-उजेड काहीही करू नका, मूळ फाईल जपून ठेवा.

बाकी फोटोंना उभ्या रेषा सरळ करणं, आकाश थोडं खाली आणणं, सावली थोडी उचलणं एवढं पुरे. काँक्रीटवर क्लॅरिटी (एडिटिंगमधली बारकावे उठवणारी पट्टी) ओढून ओढून लावली की पूल जळल्यासारखा दिसतो आणि कडेला पांढरी किनार येते. ऊन बरोबर बाजूनं असताना घेतलेला फोटो असेल तर मला यातलं निम्मंही करावं लागत नाही. आणि फोटोत दक्षिणेची बाजू चांगली आली पण उत्तरेची राहिली असेल तर कॅलेंडरवर एप्रिलमधली एखादी सकाळ आत्ताच लिहून ठेवा, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बांधावर पोचायचं म्हणून.